नजरबंदीचा राजा

चिलखत आमच्या गावातल्या लोहारानं रॉकेलच्या डब्यांपासून केलं. डबे कापून, ठोकून सपाट करून, कडा आत दुमडून त्यानं एक पत्रा छातीसाठी आणि एक पाठीसाठी तयार केला आणि बाजूंना भोकं पाडून सुतळीनं आवळायची सोय ठेवली. डोक्याचा टोप तेवढा जड पत्र्याचा होता. त्याला डोळ्यांसाठी एकच आडवी फट होती. हातमोजे चांभारानं मोटेच्या जुन्या कातड्याचे शिवले आणि लोहारानं त्यांच्यावर बोटांच्या सांध्यांपाशी लोखंडी पट्ट्या ठोकल्या. राखेनं कितीही घासलं तरी रॉकेलचा वास काही गेला नाही. पण उन्हात ते चिलखत असं चकाकायचं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. म्हणून आमचं नाटक गॅसबत्तीच्या उजेडात कधी झालंच नाही. ऊन कलतं झालं की सुरू व्हायचं आणि दिवस मावळायच्या आत संपायचं.

हे पोलीस अ‍ॅक्शननं निजामाचं राज्य गेल्यानंतरच्या वर्षांतलं. आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर. गावात मराठी शाळा नवीनच निघाली होती आणि नगरकडचे एक मास्तर तिच्यावर आले होते. गावाला शहाणं करायचं त्यांनी मनावर घेतलेलं होतं. चैत्रातल्या जत्रेला बाहेरचा तमाशा आणण्यापेक्षा गावातल्या पोरांनी आपलं नाटक करावं, असं त्यांनी चावडीत बोलून दाखवलं आणि महिनाभरात स्वतःच एक नाटक लिहून आणलं.

गोष्ट सोपी होती. एका राज्यात एक परका राजा शिरतो. त्याच्या डोळ्यांत अशी विद्या असते, की ज्याच्याकडे तो बघेल त्याचं मन त्याच्या मुठीत जातं. तो म्हणेल ते लोक करतात, हसत हसत करतात. प्रधान वश होतो, सेनापती वश होतो, राणी तर सिंहासन सोडून झोपेत चालल्यासारखी त्याच्या मागं जाते. शेवटी एक वीर अंगभर लोखंड चढवतो. नजर लोखंडातून आत जात नाही. तो त्या राजाला लोळवतो आणि सगळे शुद्धीवर येतात.

वीराचं काम माझ्या दोस्ताला मिळालं. त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतंच. तो गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतमालकाचा मुलगा, उंचापुरा, छाती भरलेली. लोहाराची मजुरीही त्याच्याच घरून गेली होती. आमची शेतं लागून होती. त्याचं मोठं, आमचं एवढंसं. पण पोहायला आम्ही एकाच डोहात शिकलो आणि माझे वडील वारले तेव्हा खांदा द्यायला तो पुढं होता.

नजरबंदीच्या राजाचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या उर्दूमुळं. तहसिलीत चिकटेन म्हणून वडिलांनी मला उर्दू शाळेत घातलं होतं. मी शिकून बाहेर पडलो आणि राज्यच बदललं. कचेरीत मराठी आली. ज्यांच्या अर्ज-अर्जदाश्ती मी लिहून द्यायचो, तेच लोक आता मी चुकून ‘इजाजत’ म्हणालो की एकमेकांकडं बघायचे. रझाकारांच्या दिवसांत गावानं सोसलं होतं, दोन घरं जळाली होती, आणि तो राग अजून कुठं ठेवावा हे कुणाला कळत नव्हतं. मास्तरांनी माझ्या तोंडी भरपूर उर्दू घातलं. दुष्टाच्या तोंडी ते शोभून दिसतं, असं ते म्हणाले. मी हिंदू, शेतकऱ्याचा मुलगा, भोवतालच्या लोकांसारखीच भाकर खाणारा. तरी त्या मांडवात मी पाऊल टाकलं की परका व्हायचो.

काम मी चांगलं करायचो. डोळ्यांत काजळ भरायचं, आवाज चढवायचा नाही, आणि उजवा हात पाण्यातून वर काढल्यासारखा सावकाश उचलायचा. पहिल्या वर्षीच बायकांनी पोरांची तोंडं पदराखाली झाकली. लोकांना इतकं आवडलं की पेडगावच्या आणि राणीसावरगावच्या जत्रेतही आम्हाला बोलावणी आली. बैलगाडीत चिलखत मध्ये ठेवून आम्ही जायचो. दोस्ताच्या गळ्यात हार पडायचे आणि माझ्यावर म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. गाडीत परतताना आम्ही त्यावर हसायचो.

हसू गावात मात्र हळूहळू कमी झालं. आधी पोरं मला ‘नजऱ्या’ म्हणायला लागली. मग एकानं खरोखरच येऊन सांगितलं, की त्याचा मुलगा कामाला जात नाही, मी जरा त्याच्याकडं बघावं. मी थट्टेवारी नेलं तर तो रागावून गेला. एकीची गाय आटली तेव्हा, मी त्या वाटेनं गेलो होतो, असं आईला ऐकावं लागलं. माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात केली होती, तर पूर्णेकडच्या एका मुलीच्या बापानं सगळं ठरत आल्यावर नकार कळवला. जावयाच्या डोळ्यांत बघून बोलता येत नसेल तर सोयरीक कशी करायची, असा त्याचा निरोप होता. आई त्या दिवशी चुलीपाशी बसून राहिली. मला म्हणाली, ते काजळ तरी कमी लावत जा.

दोस्ताचं लग्न त्याआधी दोनेक वर्षं झालं होतं. मी त्याच्या बायकोला वैनी म्हणायचो. बारीक अंगाची, कमी बोलणारी होती. चिलखताच्या सुतळ्या ढिल्या झाल्या की आम्ही त्याच्या वाड्यातल्या ओसरीवर त्या आवळत बसायचो, तेव्हा ती चहा ठेवून जायची. एकदा कपबशी ठेवताना तिचं मनगट सुजून हिरवं-निळं झालेलं मला दिसलं. मी बघितलं हे दोस्तानं बघितलं. आडाचा दोर ओढताना हात लचकला, असं तो न विचारताच म्हणाला. पुढं एकदा शेतात आम्ही दोघंच असताना मी विषय काढला. हात उचलत जाऊ नकोस, एवढंच बोललो. तो थोडा वेळ ढेकळं फोडत राहिला आणि म्हणाला, की त्याच्या आईला ती पसंत नाही, रोज उठून कटकट, त्याचं डोकं फिरतं. मग त्यानं बैलांचं काहीतरी काढलं. मीही पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं ते.

कापूस वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी, घरातली सगळी शेतात असताना वैनी घरातून निघाली. नेसत्या लुगड्यानिशी चुडाव्याला गेली आणि गाडीत बसून माहेरी पोचली. वाटेत तिला आमच्या गावचा एक गुराखी भेटला होता. कुठं निघालात, असं त्यानं विचारलं, तर ती बोलली नाही, वळून बघितलंही नाही. संध्याकाळी चावडीत तो हे सांगत होता तेव्हा मी तिथंच होतो. कुणीतरी विचारलं, चालत कशी होती? तो आठवत राहिला आणि म्हणाला, झोपेत चालल्यासारखी.

ते शब्द मास्तरांच्या नाटकातले होते. गावातल्या पोराटोरांना ते पाठ होते. तो बिचारा गुराखी, त्याला दुसरे शब्द सुचले नसतील. पण त्यानंतर चावडीत एकेकानं माझ्याकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवसापासून आईशी आडावर बायका बोलेनात. आमच्या कापसाला वेचणीला कुणी येईना. कापूस झाडावरच लोंबत राहिला, आई आणि मी मिळून होईल तेवढा वेचला. मी त्यांच्या ओसरीवर बसून तिच्याकडं टक लावून बघायचो, तिच्या हातचा चहा मुद्दाम मागून घ्यायचो, असं लोक आता सांगायला लागले होते. ज्यांनी आयुष्यात त्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता तेही सांगत होते. तिला परत आणायला गेलेली माणसं रिकाम्या हातानं आली. ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती. तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली, की मंत्र अजून उतरलेला नाही.

मी दोस्ताकडं गेलो. तो गोठ्यात होता. त्याला मी म्हणालो, की लोक बोलतात त्याचं मला नवल नाही, पण तू तर खरं जाणतोस. तू चावडीत येऊन एक शब्द बोललास तरी हे थांबेल. तो वैरणीच्या पेंढ्या सोडत राहिला. मी तिथून हललो नाही तेव्हा कुठं तो बोलला.

“मंग मी काय सांगू लोकायला? बायकूला मारायचो मनून ती गेली, असं सांगू?”

“खरं हाय ते सांग.”

“गड्या, तुला काय हाय,” तो म्हणाला. “तू एकटा हायस. मला या गावात मान हाय.”

तो रागानं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो अगदी समजुतीच्या सुरात बोलला, घरातल्या माणसाला अडचण सांगावी तसा. आणि मी वळून निघालो तेव्हा त्यानं मागून विचारलं, की आमच्या ज्वारीला पाणी देऊन झालं का.

चैत्र आला. या वर्षी मी नाटकात नाही, असं मी मास्तरांना आधीच सांगून ठेवलं होतं. मास्तरांना सगळं ठाऊक होतं. नजरबंदी वगैरे काही नसतं हे ते शाळेत मुलांना शिकवायचे, पण चावडीत त्यांनी ते एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांना त्याच गावात राहायचं होतं आणि शाळेची खोली दोस्ताच्या वडिलांच्या जागेत होती. एके दिवशी ते आणि दोस्त दोघंही आमच्या घरी आले. दोस्त कित्येक महिन्यांनी आमच्या घोंगडीवर बसला होता. मास्तर म्हणाले, की नाटक झालं, सगळ्यांनी तुम्हा दोघांना बरोबर बघितलं, की लोकांच्या मनातलं निघून जाईल. दोस्त म्हणाला, होऊन गेलं ते सोडून दे. आईनं त्या दोघांना गूळ-पाणी दिलं. ते गेल्यावर ती मला म्हणाली, की मी नाही म्हणालो तर लोक तीच कबुली धरतील. त्यात तिचं काही चुकत नव्हतं. मी हो म्हणालो, आणि खरं सांगायचं तर मला आनंदही झाला. दोस्त घरी आला होता.

जत्रेच्या दिवशी माणूस मावत नव्हतं. आजूबाजूच्या गावांतूनही लोक आले होते, नजऱ्याला बघायला आले होते. मी आलो तेव्हा दर वर्षी ओरडा व्हायचा, या वेळी झाला नाही. मी हात उचलला, उर्दू बोललो, प्रधान वश झाला, सेनापती वश झाला. राणीचं काम गावातला शिंपी करायचा. तो झोपेत चालल्यासारखा माझ्या मागं निघाला तेव्हा बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला. शिंप्याचा हात मी धरला होता, तो घामानं ओला झाला होता. तो पुटपुटला, आज लवकर आटप.

मग वीर आला. कलत्या उन्हात ते चिलखत पेटल्यासारखं दिसत होतं आणि माणसं उठून उभी राहिली. नाटकात असं होतं, की मी तीनदा नजर टाकायची, तिन्ही वेळा ती वाया जायची, मग त्यानं हातातली गदा फिरवायची आणि मी पडायचं. गदा कडबा भरलेल्या फडक्याची होती. मी तिसऱ्यांदा नजर टाकली तेव्हा त्यानं गदा खाली टाकून दिली.

लोखंडी पट्ट्यांच्या हातमोज्याचा पहिला फटका जबड्यावर बसला. मला वाटलं, त्याचा हात चुकून लागला. टोपाच्या फटीतून त्याचे डोळे दिसत नव्हते, आतून फक्त श्वास ऐकू येत होता. दुसरा फटका डोळ्यावर बसला. मी खाली पडलो, तिथंच नाटक संपायला हवं होतं, पण तो माझ्या छातीवर बसला आणि मारत राहिला. मी त्याला ओरडून म्हणालो, “बस कर गड्या, मी हाय.” नजरबंदीचा राजा एकदम आमच्या गावच्या बोलीत बोलला म्हणून लोक हसले. मोठ्यानं हसले. मग टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ‘आणखी एक’ असं ओरडलं. ज्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं ती माणसं त्यात होती. मला आवाज ओळखू येत होते.

त्याला माझ्यावरून ओढून काढलं ते शिंप्यानं, लुगड्यातच. मास्तर कोपऱ्यात वही धरून उभे होते.

मला बैलगाडीतून आणि मग रेल्वेनं परभणीला नेलं. शिंपी बरोबर होता, आई होती. जबडा जोडला, तो जरा तिरपा बसला, अजून तसाच आहे. डावा डोळा गेला. पोलीस जमादार गावात चौकशी करून आला आणि खाटेपाशी उभा राहून म्हणाला, की नाटकात मारामारी होती, नाटकात थोडंफार लागतं, गावातला एकही माणूस दुसरं काही सांगत नाही. शिंप्यानं सांगितलं असेल, असं मी म्हणालो. जमादारानं सांगितलं, की शिंप्याला नीट दिसलं नाही, त्याच्या डोक्यावर पदर होता. शिंप्याला मी दोष देत नाही. त्याचं दुकान त्या गावात होतं.

दवाखान्यात एक दिवस वैनी आली. तिच्याबरोबर तिचा म्हातारा बाप होता, तो दाराशीच थांबला. ती माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. जाडसर झाली होती, मनगटं उघडी होती, त्यांत काचेच्या बांगड्या होत्या. तिनं माझ्या पट्टीकडं बघितलं. मी तिला बसा म्हणालो, ती बसली नाही.

“भाऊजी, मी कुणाच्या नजरेनं गेले न्हाई,” ती म्हणाली. “मी लय दिवस इचार केला, मंग गेले. मला बी मन हाय का न्हाई?”

मी म्हणालो, मला ठाऊक आहे.

“तुमाला ठाऊक होतं, त्याला बी ठाऊक होतं,” ती म्हणाली. “मला घ्यायला आली ती माणसं मला काहीच इचारीनात. नुसती माझ्या डोळ्यात बगायलती.”

तिच्या बापानं तिला हे सांगणारा निरोप गावात पाठवू दिला नव्हता, असं तिनं सांगितलं. बाप दारातून आमच्याकडं बघत होता, त्यालाही माझ्या उरलेल्या डोळ्याची धास्ती वाटत असावी, कारण मी त्याला राम राम केला तेव्हा त्यानं मान फिरवली. वैनीनं पदराखालून चार मोसंब्या काढून खाटेवर ठेवल्या आणि ती गेली. पुन्हा ती मला कधी दिसली नाही. शेतात मजुरी करते, दुसरं लग्न केलं नाही, एवढं पुढं कळलं.

मी गावात परत गेलो नाही. परभणीतल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी मोजून घ्यायचं काम मिळालं, एका डोळ्यानं ते होतं. उर्दूचा उपयोग मालकाला जुने कागद वाचून दाखवायला व्हायचा. शेत बटईनं लावलं. करायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून ते दोस्ताच्या वडिलांनीच घेतलं आणि आमच्या वाट्याचा माल वेळच्या वेळी घरी पोचता केला. आईला मी इकडं राहायला ये म्हणत राहिलो, ती आली नाही; भेटायला तेवढी यायची. सोबतीच्या बायका आता आडावर तिच्याशी बोलत होत्या. मी गेल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं, असं ती सांगायची, आणि ते सांगताना तिला बरं वाटायचं हे मला दिसायचं.

दोस्ताचं दुसरं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं. मोठं लग्न झालं, पंगती दोन दिवस उठत होत्या. वरातीत तो घोड्यावर ते चिलखत घालून बसावा असा पोरांनी हट्ट धरला आणि तो बसला. हे मला आईनंच सांगितलं. ती लग्नाला गेली होती. नव्या नवरीला तिनं खण-नारळाचा आहेर केला होता आणि माझ्यासाठी म्हणून पंगतीतले बुंदीचे लाडू फडक्यात बांधून परभणीला आणले होते.

मी तिला विचारलं, की तू त्या लग्नाला गेलीसच कशी.

ती फडक्याची गाठ सोडत होती. “मला त्या गावात मरायचं हाय, बाबा,” ती म्हणाली. “तिथं मला उचलायला चार माणसं लागत्याल.”

तिनं एक लाडू माझ्यासमोर धरला. मी घेतला नाही. तिनं तो तसाच फडक्यात परत ठेवला, गाठ मारली आणि खोलीच्या कोपऱ्यात माझा पसारा आवरायला लागली.